जहाजांचा कायदा ऐकलेला डोंगा

वैनगंगेच्या काठावर, गोंडपिपरीच्या अंगाला, ढिवर मोहल्ल्यातली पायवाट जिथे पाण्याला टेकते, तिथे पालथा पडलेला डोंगा दिसतो ना, तो मी. पोटाला चीर गेलीय, एका बाजूनं वाळवी लागलीय. दुपारी माझ्या सावलीला कोंबड्या येऊन बसतात आणि आपसात भांडतात. त्यांना हाकलणं माझ्या हातात नाही. तसं आयुष्यात काहीच माझ्या हातात नव्हतं. वल्हं वळलं तिकडे गेलो, आणि जे माझ्यात बसून बोलले त्यांचं ऐकलं. आता थकलोय. पण एक बोलणं आत अडकून बसलंय. ते काढून टाकलं म्हणजे सुखानं मातीत मिसळायला मोकळा झालो.

मी समुद्र कधी पाहिला नाही. तरी समुद्रावरच्या जहाजांसाठी दिल्लीच्या संसदेत कायदा झाला, त्याची चर्चा मी ऐकलीय. माझ्या नाकाशी एक खुंटी होती, तिला माझा मालक मुखरू आपला ट्रान्झिस्टर टांगायचा. त्यातून ती चर्चा आली आणि माझ्यात बसलेल्या बाईच्या काळजात जाऊन रुतली.

आधी माझं थोडं सांगतो.

मी मूळचा मोहाचा. नदीपलीकडच्या जंगलात उभा होतो. उभा मोह आमच्याकडे कोणी तोडत नाही. फुलं देतो, टोळ म्हणजे फळं देतो, त्याच्यावर कुऱ्हाड कोण चालवणार? पण त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला एका वादळात मी मुळासकट आडवा झालो. पलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, लालसूने मला पाहिलं. त्याने आधी माझ्या बुंध्याशी तांदूळ ठेवले, हात जोडले, आणि मग लाकूड तासायची वाकस काढली. पोट कोरलं, निखारे घालून आतून भाजलं, पुन्हा कोरलं. दुखलं असेल, पण त्या माणसाचा हात असा हळुवार होता की दुखणं आठवत नाही. काम झालं तेव्हा माझ्या काठावर थाप मारून तो म्हणाला, "जा बाबा. झाड होतास तवा एका जागी उभा होतास, आता फिर."

मला नेलं मुखरूने. मुखरू म्हणजे ढिवर मोहल्ल्यातला सरळ, रागीट आणि कमी बोलणारा माणूस. त्याची बायको गुणाबाई. ती बोलकी, पण बोलायची ती जास्त करून देवांशी. तिचे नवस सदा चालूच. शेळी हरवली की नवस, मुखरूचा खोकला वाढला की नवस. चैतात चंद्रपूरची महाकाली, महाशिवरात्रीला मार्कंडा, आणि रोजच्या रोज साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आम्हा पाण्यावर जगणाऱ्यांचं त्यांच्यावाचून पान हलत नाही. मला पहिल्यांदा पाण्यात लोटलं तेव्हा गुणाबाईने माझ्या नाकाला हळदीकुंकू लावलं आणि सातही बहिणींना हाक मारून सांगितलं, "बाई हो, हा आपला हाय. याले सांभाळा, अन् याच्यात बसन त्यालेही सांभाळा."

त्यांचा मुलगा धनराज माझ्यातच मोठा झाला. जाळं टाकण्यात त्याचा जीव नव्हता. त्याचा जीव रांधण्यात. नदीच्या मधल्या रेतीवर तीन दगड मांडायचा आणि ताज्या मरळीचा असा रस्सा करायचा की शेजारच्या डोंग्यातले लोक जाळी सोडून यायचे. गुणाबाईची मैत्रीण रंभा बाजाराला जाताना माझ्यात बसायची. ती म्हणायची, "अवं गुना, तुया पोट्ट्याच्या हाताची चव पाहून कोणी याले सून म्हणून घेऊन जाईन." धनराज लाजून हसायचा.

तोच हात त्याला दूर घेऊन गेला. वरोऱ्याच्या कोणा ओळखीच्याने त्याला मुंबईला नेलं. आधी खानावळीत होता, मग एका मालवाहू जहाजावर लागला. जहाजावर स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात. आमचा धनराज भंडारी झाला. गोंडपिपरीच्या एस.टी.डी.वर त्याचा फोन यायचा. मुखरू जाऊन बोलून यायचा, आणि संध्याकाळी जाळी टाकताना गुणाबाई एकेक शब्द खोदून विचारायची.

"जेवते म्हणे का बराबर?"

"अवं, थोच रांधते. जेवन नाई तं काय?"

"समुद्र केवढा हाय म्हणे?"

"पार दिसत नाई म्हणे."

जिचा पार दिसत नाही अशी नदी गुणाबाईच्या डोक्यात मावत नव्हती. माझ्याही नाही.

आता मधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आमच्या घाटाचा एक जुना नियम होता. नदीवर कोणी गुन्हा केला, म्हणजे दुसऱ्याचं जाळं कापलं, डोहात विष कालवलं, तर त्या डोंग्यात बसलेल्या सगळ्यांना एकच दंड. हात कोणाचा होता, हे विचारायचं नाही. नियम वाडवडिलांनी केला तोही उगाच नव्हे. पकडलं की प्रत्येकजण म्हणायचा, मी नुसता बसलो होतो. मग गुन्हा करणारा सापडायचाच नाही. पंचायत घाटावर बसायची. पंच पालथ्या डोंग्यांवर, आणि ज्याचा न्याय करायचा तो गुडघाभर पाण्यात उभा.

धनराज मुंबईला जायच्या आधीची गोष्ट. दोघांनी कुठून तरी खाणीतले सुरुंगाचे तोटे आणले आणि डोहात बार उडवला. पिल्लासकट मासोळी उलटी होऊन तरंगली. वास कितीतरी दिवस गेला नाही. त्या डोंग्यात तिसरा एक होता, चैतू. मुखरूचा जाळ्यातला जोडीदार. त्याला पलीकडे जायचं होतं म्हणून तो त्यांच्या डोंग्यात बसला होता, एवढंच. पण पंचांत मुखरू होता, आणि मुखरू म्हणजे नियम. माझ्याच पाठीवर बसून त्याने निकाल दिला, तिघांनाही घाट बंद. म्हणजे नदीत जाळं नाही, घाटावर पाऊल नाही, जोवर ते स्वतः येऊन माफी मागत नाहीत. दोघांनी वर्षभराने मागितली. चैतूने मागितली नाही. तो म्हणाला, "केलंच नाई त्याची माफी कायची मागू?" आणि घुग्घुसला कोळशाच्या खाणीत कामाला लागला. नदीकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही. घरी जेवताना मुखरू कधी त्याचं नाव काढत नसे. माझ्यात मात्र जाळं एकट्याने ओढताना कधीकधी थांबायचा आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहायचा.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात धनराजचा फोन थांबला. गणपती गेले, नवरात्र आलं, तरी नाही. शेवटी मुखरूने धनराजला मुंबईला नेलेल्या माणसाला फोन लावला. उत्तर आलं, जहाज सापडत नाही. मधल्या समुद्रातून नाहीसं झालंय. चाचे घेऊन गेले असतील.

चाचे म्हणजे समुद्रावरचे डाकू, हे मुखरूने गुणाबाईला माझ्यातच सांगितलं. ती वल्हं हातात धरून बसून राहिली. मी प्रवाहाबरोबर आपसूक फिरत राहिलो, पण दोघांनाही मला सरळ करायचं भान नव्हतं.

"डाकू तं जमिनीवर असते," ती म्हणाली. "पाण्यावर कुठी लपत असन?"

त्या दिवसापासून ट्रान्झिस्टर रोज माझ्यासोबत येऊ लागला. गाणी बंद. फक्त बातम्या. कुठे जहाजाचं नाव येतं का, एवढ्यासाठी.

जहाजाचं नाव आलं नाही. पण थंडी पडायला लागली तेव्हा एका संध्याकाळी संसदेचं आलं. दिवसभरात दिल्लीत काय झालं ते हिंदीत सांगणारा एक कार्यक्रम असायचा. त्यात कोणी सांगत होतं, जहाजांच्या आणि समुद्रातल्या तेलाच्या चौथऱ्यांच्या सुरक्षेसाठी सरकारने विधेयक आणलंय. जो जहाज बळाने ताब्यात घेईल त्याला जन्मठेप. ज्याच्या हातून त्यात कोणाचा जीव जाईल त्याला फाशी.

गुणाबाईने वल्हं वर उचललं. "आवाज वाढवा, अवो!"

मुखरूने वाढवला. मग एकेक सदस्य काय बोलले ते आलं. कोणी म्हणालं, एवढा मोठा किनारा, राखायला माणसं कुठायत? कोणी म्हणालं, खटला चालणार कोणत्या गावी? जहाज तर एका देशाचं, माल दुसऱ्याचा, पाणी कोणाचंच नाही. एकाने म्हटलं, शिक्षा अजून कडक हवी. मी ऐकत होतो. मी म्हणजे मोहाचं एक खोड, माझ्यात तीन माणसं बसली की चौथ्याला जागा नाही. आणि तिथे मोठमोठे लोक उभे राहून माझ्या थोरल्या भावंडांसाठी भांडत होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पाण्यावर बसणाऱ्यांचीही कोणाला तरी काळजी आहे.

गुणाबाईला तर साक्षात देवच बोलल्यासारखा वाटला. तिने पाण्यात हात घातला आणि ओंजळ भरून सोडली.

"सातही बाई हो, आइका. हा कायदा होऊ द्या. ज्याईनं माया लेकराचं जहाज नेलं त्याईले फाशी होऊ द्या. कायदा झाला तं मी एक वरीस मासोळीले तोंड लावनार नाई, अन् तुमच्या साती ओट्या भरीन."

मुखरूने चमकून पाहिलं. ढिवराची बाई वर्षभर मासोळी सोडणार! रोज तिच्या हातून मासोळी सोलली जाते, रांधली जाते, विकली जाते. रंभेला कळलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. "अवं बाई, तू अन् वांग्याची भाजी! तुया घरची मांजरही तुले सोडून जाईन."

गुणाबाई हसली नाही.

विधेयक एका सभागृहात मंजूर झालं. दुसरं सभागृह अजून बाकी होतं. आणि त्या मधल्या दिवसांतच मुंबईचा फोन आला.

मुखरू गोंडपिपरीहून परतला तो घरी न जाता थेट घाटावर. गुणाबाई जाळी वाळवत होती. "चाल," एवढंच म्हणाला आणि मला पाण्यात लोटलं. मधल्या धारेत आल्यावर वल्हं आडवं टाकलं.

"पोट्टा जित्ता हाय."

गुणाबाईने दोन्ही हात जोडले. ती बहिणींची नावं घेऊ लागली, तर तो म्हणाला, "थांब. पुरं आइक. डाकू-बिकू कोणी नोहोतं. जहाजावरच्याच माणसाईनं जहाज पयवलं. रंग बदलला, नाव बदललं, माल इकला. तटरक्षकवाल्याईनं धरून आणलं. सगळे जेलमधी हायत. धनराजही."

"त्यानं काय केलं?"

"जहाजावर होता."

"होता मंजे? रांधत होता!"

"वकील म्हणते, बापानं यावं. जामिनाले उभं राहावं. गावच्या पंचाईनं लिहून द्यावं का पोट्टा चांगला हाय म्हणून. पुढच्या महिन्यात तारीख हाय."

"मंग जा ना!"

"कोण्या तोंडानं जाऊ?" मुखरूचा आवाज चढला नाही, उलट बसला. "चैतू होता, थोही डोंग्यात बसलाच होता. त्याले मी काय म्हणलं? एका डोंग्यातल्या सगळ्याईले एकच दंड. आता माया पोट्टा बसला तं मी म्हणू, याले सोडा? मी नाई जानार."

गुणाबाई माझ्या तळाकडे पाहत होती. मला वाटतं, तेव्हाच तिच्या ध्यानात आलं असेल की सातही बहिणींकडे तिने काय मागून ठेवलंय. ज्यांनी जहाज नेलं त्यांना फाशी. आणि सरकारी कागदात त्याच ओळीत तिच्या लेकाचं नाव.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच घाटावर आली. माझ्या काठावर बसली, पाण्यात पाय सोडले. आमच्याकडे नवस मोडत नाहीत. बदलायचा असेल तर पहिला फेडावा लागतो, मग दुसरा बोलता येतो. आणि पहिला फेडायचा म्हणजे कायदा व्हायला हवा. कायदा झाला तर लेकाच्या गळ्याशी दोर. नाही झाला तर नवस अडलेला, दुसरं काही मागायला तोंड नाही. "बाई हो, मी अडकली," एवढंच ती म्हणाली. देवांशी तिला इतकं थोडं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

पुढचे दिवस फार जड गेले. नवरा-बायको माझ्यात समोरासमोर बसायची, एक जाळं सोडायचं, एक वल्हं मारायचं, आणि मधे तो ट्रान्झिस्टर खरखरत असायचा. नदीत बसून कोणाला दम लागतो का? मला लागायचा. दोघांचं वजन तेवढंच होतं, पण मी खोल बसायचो.

मग दुसऱ्या सभागृहाची बातमी आली.

सूर्य पलीकडच्या झाडांत उतरला होता. हिंदी ओळखीचीच होती, फक्त मधून मधून आवाज जाई. मंत्र्यांनी विधेयक मांडलं. पुन्हा जन्मठेप, पुन्हा फाशी. गुणाबाईने डोळे मिटून घेतले. मुखरू ट्रान्झिस्टर बंद करायला वाकला तेव्हा तिने त्याचा हात धरला.

निवेदक सांगत होता, एका सदस्याने सवाल केला. त्या सदस्याचं नाव खरखरीत हरवलं. तो कोणत्या पक्षाचा, कोणत्या गावचा, आम्हाला कधीच कळलं नाही. पण सवाल कळला. तो म्हणाला, जहाजावर कप्तान असतो तसा रसोइयाही असतो. कोणी बॉयलरपाशी असतो, कोणी भांडी घासतो. जहाज कुठे चाललंय ते त्यांना कोण सांगतं? वर चार जणांनी बेईमानी केली, तर खाली डाळ शिजवणाऱ्यालाही तुम्ही त्यांच्याच रांगेत उभं करणार का? मंत्र्यांनी उत्तर दिलं. कायदा जाणूनबुजून करणाऱ्यासाठी आहे. ज्याला ठाऊक नव्हतं, ज्याचा इरादा नव्हता, तो गुन्हेगार नाही. कोणाला ठाऊक होतं, हे न्यायालय एकेकाचं वेगळं तपासेल.

आणि मग, विधेयक मंजूर.

गुणाबाई उभी राहिली. डोंग्यात असं अचानक उभं राहू नये, हे तिला लहानपणापासून ठाऊक. मी डगमगलो, काठावरून पाणी आत आलं. "रसोइया म्हणला!" ती ओरडली. "आइकलं ना तुमी? रसोइया म्हणला थो!"

"बस अवं, बुडवशीन."

ती बसली. मग मुखरूकडे सरळ पाहत म्हणाली, "थे दिल्लीची पंचायत. तिथी मोठेमोठे लोक. जहाज पाहिलंही नसन कोणीकोणी. तरी एकानं उभं राहून इचारलं, का रांधणाऱ्याले माहीत होतं का म्हणून. तुमच्या पंचायतीत इचारलं होतं का कोणी चैतूभाऊले?"

आत आलेलं पाणी मुखरू डब्याने उपसत राहिला. पाणी संपलं तरी उपसत राहिला. कोरड्या लाकडावर डबा घासल्याचा तो आवाज मला अजून आठवतो.

त्या रात्रीपासून गुणाबाईच्या ताटातली मासोळी गेली. कायदा झाला होता. नवस लागू झाला होता.

दोन दिवसांनी मुखरूने पंचायत बोलावली. पंच नेहमीसारखे पालथ्या डोंग्यांवर बसले. म्हातारा पोचू सगळ्यांत वडीलधारा, तो माझ्यावर बसला, मुखरूची जागा शेजारी ठेवून. मुखरू आला, आणि त्या जागेवर न बसता खाली उतरून गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला.

"अबे, तू पंच होय ना?" पोचू म्हणाला. "पाण्यात काऊन गेला? डोकं फिरलं काय?"

"आज माया न्याय करा, पोचूभाऊ. पन आधी चैतूले येऊ द्या."

चैतूला निरोप गेला होता. तो घुग्घुसहून मोटरसायकलवर आला. कॉलरवर, कानांवर कोळशाची काळी भुकटी. घाटावर उतरला नाही. वरच, बांधावर गाडी लावून उभा राहिला.

"मले घाट बंद हाय," तो म्हणाला. "मी इथूनच आइकतो."

मुखरूने मान वर केली. "चैतू, त्या दिवशी मी तुले एक गोष्ट इचारली नाई. तोट्याचं तुले माहीत होतं का, हे इचारलंच नाई."

"इचारलं असतं तं सांगतलं असतं."

"हो."

"अन् आता काऊन इचारून राह्यला?" चैतूचा आवाज धारदार झाला. "तुया पोट्ट्यावर आली म्हणून ना? माया येळेस तुयावाला नियम होता. तुया येळेस तुले माणूस दिसला."

सगळ्यांना वाटलं आता मुखरू भडकणार. मलाही वाटलं. पण तो पाण्यात तसाच उभा राहिला. "हो," तो म्हणाला. "पोट्ट्यावर आली तवाच दिसलं. त्याच्या आधी नाई दिसलं."

पोचूने घसा साफ केला. "मंग मी इचारतो. पंच म्हणून इचारतो. चैतू, तुले माहीत होतं का?"

चैतूने नदीकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "नाई," तो म्हणाला. "माया सासरा मेला होता. मले पार जायचं होतं. त्याईचाच डोंगा सुटत होता. बसलो."

"घाट उघडला," पोचू म्हणाला. "अन् आजपासून एकेकाले इचारल्याबिगर कोणाले दंड नाई. मान्य हाय का?"

सगळ्यांनी मान हलवली. चैतू मात्र हसला, आणि ते हसणं गोड नव्हतं. "उघडा का बंद करा. मी आता कोळशाचा झालो, पोचूभाऊ. पाणी मले सोसत नाई." गाडीला किक मारायला त्याने पाय ठेवला, आणि थांबला. "मुखरू, तू जा मुंबईले. माया बाजूनं कोणी उभं नोहोतं. कसं लागते, मले इचार." मग त्याची नजर गुणाबाईवर गेली. "अन् वैनी, तू मासोळी सोडली म्हणते. घुग्घुसपर्यंत बातमी आली. ढिवराच्या घरी भाजीचा वास सुटला म्हणे!"

रंभा फिस्सकन हसली. गुणाबाईने डोळ्यांना पदर लावला आणि तीही हसली. चैतू खाली उतरला नाही, गेला. पुढेही कधी त्याने जाळं टाकलं नाही. काही गोष्टी उघडल्या तरी आत कोणी येत नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मुखरू आणि पोचू मुंबईला गेले. मी तिथे नव्हतो. मुखरूने परत आल्यावर माझ्यात बसून गुणाबाईला सांगितलं तेवढं मला ठाऊक. धनराज वाळला होता. बापाला पाहून रडला नाही, फक्त म्हणाला, "बाबू, मले वाटलं तुमी येनार नाई." वकिलाने सांगितलं, नवा कायदा याला लागूच होत नाही. ज्या दिवशी जो कायदा नव्हता, त्या दिवसाच्या गुन्ह्याला तो लावता येत नाही. खटला जुन्याच कलमांवर चालेल. म्हणजे ज्या फाशीच्या धाकाने गुणाबाईने इतके दिवस काळजीत काढले, ती फाशी तिच्या लेकापर्यंत पोचणारच नव्हती. हे ऐकून ती कपाळाला हात लावून बसली. "मंग मी वांगे कायले खाऊन राह्यली?" ती म्हणाली. पण नवस तिने पुरा केला. एक दिवसही कमी नाही. साती ओट्या भरल्या, आणि मगच दुसरा नवस बोलली. तो काय होता, ते तिने मोठ्याने सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती.

कोर्टकचेरीचं काम आमच्या नदीसारखं नाही. नदी पावसाळ्यात तरी वेगाने जाते. जामीन लवकर झाला नाही, झाला तेव्हा मुंबई सोडायची नाही अशी अट. तारखा पडत राहिल्या. मुखरूचे केस पांढरे झाले. मीही म्हातारा होत गेलो. शेवटी जहाजावरच्याच एका-दोघांनी कबूल केलं, की नाव रंगवलं त्या वेळी भंडाऱ्याला खाली कोंडून ठेवलं होतं. धनराज सुटला.

तोवर घाटावर पत्र्याचे डोंगे आले होते. माझ्या पोटाची चीर डांबराने भरून भरून मुखरू थकला. आता मी पालथा आहे, म्हटलंच आहे. पंचायत अजून बसते, कोणीतरी माझ्या पाठीवरही बसतं. मला मोडून चुलीत घातलं तरी माझी तक्रार नाही, मोहाचं लाकूड चांगलं जळतं. फक्त माझ्या पाठीवर बसून न्याय करणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे, की बाबांनो, डोंग्यात प्रत्येक माणूस वेगळा बसलेला असतो. मी त्यांचं वजन वेगवेगळं उचललंय. तुम्ही निदान वेगवेगळं विचारा.

पण माझी शेवटची फेरी सांगायची राहिली.

धनराज परत आला त्याच्या दुसऱ्या सकाळी गुणाबाईने टोपलं भरलं. दुसरा नवस फेडायचा होता, पलीकडच्या काठावरच्या आसरांच्या दगडापाशी. मुखरूने पत्र्याचा डोंगा न घेता मलाच पाण्यात ओढलं. गुणाबाई बसली. मुखरू वल्हं घेऊन बसला. धनराज काठावर येऊन थांबला.

तो चढेना. पाय उचलायचा आणि परत ठेवायचा. लहानपणी धावत येऊन उडी मारायचा तो पोरगा.

"ये ना बापा," गुणाबाई म्हणाली.

"कोण कोण येऊन राह्यलं?" त्याने विचारलं.

"मी अन् तुई माय," मुखरू म्हणाला.

"कुठी?"

"पारच्या आसरांकडे."

"कायले?"

"ओटी भराले."

"टोपल्यात काय हाय?"

गुणाबाईने तोंड फिरवलं आणि पाण्याकडे पाहू लागली. मुखरूने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, टोपल्यावरचं फडकं बाजूला केलं आणि एकेक वस्तू वर उचलून दाखवली. नारळ. तांदूळ. हिरव्या बांगड्या. हळदकुंकवाच्या पुड्या. ज्या माणसाला आयुष्यात कोणी दोनदा काही विचारलं की राग यायचा, तो माणूस.

"मधात कुठी थांबसान?"

"नाई थांबणार."

"अजून कोणी बसन काय?"

"नाई. तिघंच."

धनराजने एक पाय आत ठेवला. मी थोडा हललो. तो पुन्हा थांबला, आणखी काही विचारायचं होतं त्याला. मुखरू वाट पाहत बसला. पोराचे सगळे प्रश्न संपेपर्यंत त्याने वल्हं पाण्याला लावलं नाही.